म्हातारीच्या काचेला नाडी

सोमवार, २ सप्टेंबर

चादर परत आली! गेस्ट हाउसच्या मॅनेजरने घडी माझ्यासमोर उलगडली. मधोमध तळहाताएवढा तांबडा डाग. गंजाचा. "मावशी, ही पाहुण्याला अंथरू का?" एवढंच म्हणाला. आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं.

इतकी वर्षं लोकांच्या चादरी धुतेय. डाग घेऊन येतात, डाग टाकून जातात. उलटं कधी झालं नव्हतं. घडी मी स्वतः घातली होती आणि तेव्हा डाग नव्हता. असता तर मला दिसला असता. म्हणजे गाडीतच पडला. म्हातारीच्या पुढच्या काचेचं रबर कुजलंय, खालचा पत्रा गंजलाय. पाऊस आला की पाणी डॅशबोर्डवरून ओघळतं ते थेट शेजारच्या सीटवर, आणि तेही कोऱ्या चहाच्या रंगाचं.

म्हातारी म्हणजे माझी पिकअप. माझी! माझ्या नावावर आहे. ती घेतली तेव्हा बाईमाणूस गाडी चालवणार म्हणून गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली होती. नंतर त्यांच्याच घरची कपाटं, पलंग आणि एकदा तर एक आजारी आजोबा मी त्याच गाडीतून नेले.

रात्री जेवताना चिरंजिवांना डागाचं सांगितलं. त्यांना तेवढंच हवं होतं. विकून टाकू म्हणाला, भंगारवाला ओळखीचा आहे, टेम्पो भाड्याने सांगू, ड्रायव्हरसकट. मग सवयीप्रमाणे पुढचं सुरू — गुडघे दाखव, डोळे दाखव, दात दाखव. मी काय प्रदर्शन मांडलंय?

मंगळवार, ३ सप्टेंबर

गॅरेजवाल्याने काचेची कड नखाने टोकरली. खपली निघाली आणि त्याने हात वर केले. म्हणाला, ही काच काढायला गेलो तर पत्रा हातात येईल, मी जबाबदारी घेत नाही. काढू नका, वरून काहीतरी थापा आणि विका.

वरून थापा! आमचे हे होते तोवर दर वर्षी तेच तर करायचे.

घरी येऊन चिरंजिवांशी सौदा केला. पंधरा तारखेला, रविवारी, भंगारवाल्याला बोलव. त्याच्यादेखत तू काचेवर नळीने पाणी मार. एक थेंब जरी आत आला तरी म्हातारी त्याची. नाही आला तर गाडी राहील, मी चालवीन, आणि पुन्हा हा विषय ह्या घरात निघायचा नाही.

तो हसला. हसू दे.

"कोण करणार पण?" त्याने विचारलं. मी म्हटलं, मी. तेवढ्यात सूनबाई ताटं उचलता उचलता म्हणाली, "आणि मी." आमच्या सूनबाई घरात शब्द मोजून वापरतात. चिरंजिवांचा घास हातातच राहिला!

बुधवार, ४ सप्टेंबर

सूनबाई सकाळी गाडीच्या नाकाशी उभी. रबरावरून बोट फिरवत होती, कापडाचा पोत बघावा तसं. ही फाटक्या चादरींना शिवते, उशांचे अभ्रे शिवते, तिच्या मशीनवरच आमच्या धंद्याची अर्धी इज्जत टिकून आहे. म्हणाली, "आई, ही पायपिंगच आहे. उशीला लावतो ती. फक्त जाड."

मी वाकून पाहिलं. खरंच! रबराला दोन खाचा. एका खाचेत काच बसते, दुसरीत पत्र्याची कड. एवढंच काय ते शास्त्र. ह्या एवढ्याशा गोष्टीसाठी गॅरेजवाला हात वर करतो.

मुलगी डोक्याने तल्लख आहे. तोंडावर सांगणार नाही. इथे लिहिते.

गुरुवार, ५ सप्टेंबर

काच काढली. म्हणजे निघाली. म्हणजे फोडली.

सूनबाईने बाहेरून ब्लेडने रबराची कड कापत आणली. मी आत सीटवर आडवी, दोन्ही तळपाय काचेला लावलेले, ह्या वयात! ती सांगत होती, हळूहळू, आधी वरचा कोपरा. मी म्हटलं, मला शिकवू नकोस, आणि दिली एक टाच. काडकन् आवाज आला आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेला.

ती बिचारी घाबरून माझे पाय बघायला लागली. पाय शाबूत. मी म्हटलं, बरं झालं, पीडा गेली! ती काच तशीही कामातून गेली होती. आतून सारखी ओल धरायची. कितीही पुसा, धुरकट ती धुरकट. संध्याकाळी समोरच्या गाडीचे दिवे कापूस पिंजल्यासारखे पसरायचे. मागच्या महिन्यात फाटकाचा खांब घासला तोही तिच्यामुळेच. आता नवी काच, नवं रबर. म्हातारीला नवा चष्मा!

काचवाल्याकडे तुकडे गोणपाटावर जुळवून नेले. गाडीची काच सपाट आहे म्हणून बरं, मापाने कापून देतो म्हणाला. दोन थरांचीच कापून देणार, साधी नाही. मी दोनदा बजावलं.

शनिवार, ७ सप्टेंबर

गंज. गंज. गंज. वायरब्रश, पॉलिश पेपर आणि शिव्या. खांदा उखळात घातल्यासारखा दुखतोय.

मी एक बाजू घासून लख्ख केली आणि हात झटकून उभी राहिले. सूनबाई आली, वाकली, म्हणाली, आई, इथे राहिलाय. आणि इथे. आणि हा बघा अख्खा पट्टा. मला तर पत्रा चकचकीत दिसत होता. ऊन तिरपं होतं, त्यात असं होतं. तिने माझ्या हातातून ब्रश घेतला आणि सगळं पुन्हा घासलं. मला राग यायला हवा होता. आला नाही. घासणारीचे हात बघत बसले.

खालच्या कोपऱ्यात तर माझं बोट आरपार गेलं! तिथे धुण्याच्या सोड्याच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून लावला. नाक्यावरच्या वेल्डरने चार ठिपके मारून दिले, बाकी लांबी, म्हणजे पुट्टी, भरणं, घासणं, पुन्हा भरणं आमचं. वेल्डर म्हणाला, काकू, डब्यावरचं साबणाचं चित्र आत दिसतंय. दिसू दे. आमच्या धंद्याची पाटी आहे ती.

रविवार, ८ सप्टेंबर

आज ह्यांच्याशी भांडले. सहा वर्षं झाली जाऊन, पण भांडायला माणूस समोर लागतोच असं नाही.

ह्यांना गाडी यायची नाही. कधी शिकलेही नाहीत. "दोघं चालवायला लागलो तर भांडायचं कधी?" म्हणायचे. शेजारच्या सीटवर बसायचे, मांडीवर पावतीपुस्तक, आणि पावसाळ्यात दोन्ही पायांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या. पाणी त्यांच्याच पायांवर पडायचं ना! कधी कुरकुर केली नाही. दर वर्षी फक्त फटी बुजवायची काळी लुकण आणायचे आणि रबरावर अंगठ्याने थापायचे. गेल्या वर्षीच्या थरावर ह्या वर्षीचा थर.

आज ह्यांच्या बाजूचा तो सगळा थर छिन्नीने काढला. आणि त्याखाली काय? पाणी! लुकणीने बाहेरची वाट बुजवली, आत शिरलेलं पाणी आतच राहिलं आणि पत्रा खात बसलं. गंज आत आणि मलमपट्टी वर. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! मी मोठ्याने बोलत होते, सूनबाई गालातल्या गालात हसत होती.

मग खालच्या कोपऱ्यात, त्यांच्या सीटसमोर, एका तुकड्यावर ठसा दिसला. म्हणजे बोटाला लागला. अंगठ्याचा. लुकण ओली असताना दाबलेला, रेषांसकट. हे घरातल्या भिंतीला खिळा ठोकतानाही आधी अंगठ्याने जागा दाबून बघायचे.

रडू आलं. लपवलं नाही. सूनबाईने त्या तुकड्याभोवती ब्लेडने अलगद कापलं आणि माझ्या तळहातावर ठेवला. कुठे ठेवलाय ते इथेसुद्धा लिहीत नाही.

सोमवार, ९ सप्टेंबर

पुन्हा गंजू नये म्हणून रेड ऑक्साइड मारलं. दोघींचे हात तांबडे. धुण्याला आज सुटी!

मंगळवार, १० सप्टेंबर

वरून पांढरा रंग मारला. चिरंजीव कामावरून आले, गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "रंग बरा बसलाय." त्याच्या तोंडून "बरा" म्हणजे सोन्याचं पदक. लहानपणी ह्याच गाडीच्या मागच्या हौद्यात गाठोड्यांवर झोपायचा तो. विसरला असेल. मी विसरले नाही.

बुधवार, ११ सप्टेंबर

काच आली. रबरही आणलं, दुकानदार मीटरवर कापून देतो. सूनबाईने मापाची पट्टी गळ्यात घातली तेव्हाच मी म्हणायला पाहिजे होतं की बाई गं, थांब. पण तिच्या कापण्यावर मी कशाला बोलू? तिने मापलं, कापलं, काचेच्या कडेने ओढून ओढून बसवलं, जोड चिकटवला. असं घट्ट की बघत राहावं!

नवी काच हातात धरली आणि तिच्यातून अंगण पाहिलं. काच आहे की नाही तेच कळेना.

गुरुवार, १२ सप्टेंबर

सकाळी बघतो तर रबराचा जोड सुटलेला, मध्ये दोन बोटं मावतील एवढी फट!

सूनबाईच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. मग हळूच सांगितलं: "मी इलास्टिकसारखं कापलं, आई. कमरेला लावायचं इलास्टिक कमरेपेक्षा कमीच कापतात. ताणून बसवलं की घट्ट धरतं." अगं बाई! रबर रात्रभरात परत आपल्या मूळच्या मापाला आलं. म्हणजे गाडीच्या काचेला तिने परकराचा न्याय लावला!

ती रडकुंडीला आली होती, रविवार तोंडावर आला म्हणाली, माझ्यामुळे तुमची गाडी जाईल. आणि मला हसू आवरेना. मी गाडीच्या पायरीवर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आधी ती माझ्याकडे बघत राहिली. मग तीही बसली, आणि तीही सुटली. ह्या घरात आल्यापासून इतकं मोठ्याने हसताना तिला मी पहिल्यांदा ऐकलं. चांगलं खणखणीत हसते की!

नवं रबर आणलं. ह्या वेळी मापापेक्षा चार बोटं जास्त कापलं, न ताणता, उलट दाबून दाबून बसवलं. कपड्याला चुणी घालतात तसं, म्हणाली.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

आजचा दिवस जसाच्या तसा लिहून ठेवते.

अडचण अशी, की काचेवर रबर चढलं, पण काच चौकटीत कशी बसवायची? रबराची एक ओठी, म्हणजे खाचेची कड, पत्र्याच्या बाहेर राहिली पाहिजे, दुसरी आत. बाहेरून ढकलली तर दोन्ही बाहेरच. सकाळभर स्क्रूड्रायव्हरने उचकत बसलो. रबराला दोन ओरखडे आणि माझ्या बोटाला एक.

सूनबाई म्हणाली, "आई, नाडी घालू या?"

मला आधी कळलंच नाही. तिने घरातून सुती दोरी आणली, पडद्यांना घालतो ती. रबराच्या बाहेरच्या खाचेत ती दोरी गोल फिरवून दाबून बसवली, परकराच्या नेफ्यात नाडी ओवावी तशी, आणि दोन्ही टोकं खालच्या बाजूला लोंबती सोडली. दोरी आपल्यासाठी खाच उघडी धरणार, आतून ओढली की रबराची ओठी उलटून पत्र्यावर चढणार. असं कुणी तिला शिकवलं नव्हतं. तिने ते डोक्यात शिवून पाहिलं होतं.

सुईत दोरा ओवावा तसं दोरीचं टोक रबर आणि पत्र्यामधल्या बारीक फटीतून आत काढायचं होतं. मला काही जमेना, उजेड नव्हता. तिने काढलं.

पत्र्याच्या कडेला साबणाचं पाणी चोपडलं. साबणाला आमच्याकडे काय तोटा! ती बाहेर, काचेवर तळहात टेकवून. मी आत, दोरीची दोन टोकं हातात. तिने सांगितलं की मी दाबेन त्याच जागी तुम्ही ओढा, घाई करायची नाही. मी एकदासुद्धा "मला शिकवू नकोस" म्हटलं नाही. नोंद करून ठेवते, कारण कुणाला खरं वाटणार नाही.

ती काचेवर थाप मारायची, मी ओढायचे. पुळुक — ओठी आत. थाप. पुळुक. खालची बाजू झाली, मग कोपरा. कोपऱ्यावर दोरी अडकली. मी जोर लावणार तेवढ्यात तिने काचेपलीकडून मान हलवली, बोटाने साबण लावला, तळहात थोडा वर सरकवला. मग तीच दोरी लोण्यातून आल्यासारखी आली. मध्ये काच, ह्या बाजूला मी, त्या बाजूला ती. आवाज धड येत नव्हता, पण सगळं कळत होतं.

शेवटचं टोक माझ्या हातात आलं आणि काच आपोआप जागेवर बसली. ढिम्म हलेना!

मी आत बसूनच टाळ्या वाजवल्या. ती बाहेर उड्या मारत होती. अंगभर साबण, हाताला रंग. ही माझी सून. माझी! आज मोठ्याने सांगितलं तिला. म्हटलं, गॅरेजवाल्याला जे जमलं नाही ते तू परकराच्या नाडीने केलंस. तिने मान खाली घातली, पण कान लाल झाले होते.

शनिवार, १४ सप्टेंबर

हात लावायचा नाही. सुकू दे. दहा वेळा जाऊन बघून आले.

रविवार, १५ सप्टेंबर

भंगारवाला आला तो टायरच बघत आला. चिरंजिवांनी नळी लावली. मी आत ह्यांच्या सीटवर पांढरी शुभ्र चादर अंथरली. तीच, डाग पडलेली, लिंबू-मीठ चोळून पुन्हा धुतलेली. सूनबाईने सांगितलं डाग गेलाय, आणि तिची नजर पारखी आहे.

पोराने दयामाया दाखवली नाही, हे कबूल करायला पाहिजे. वरून मारलं, खालून मारलं, कोपऱ्यात नळी धरून उभा राहिला. इतकी वर्षं ही गाडी म्हणजे माझे पाय. ती गेली असती तर मी दारात खुर्ची टाकून टेम्पोची वाट बघणारी म्हातारी झाले असते. ते मला नको होतं. बाकी काही गेलं तरी चालेल, ते नको.

नळी बंद केली. त्याने दार उघडलं, चादरीवरून पालथा हात फिरवला. मग डॅशबोर्डखाली हात घातला. मग रबरावरून. मग पुन्हा चादरीवरून.

"कोरडी आहे," म्हणाला.

भंगारवाल्याने वाकून कोपरा पाहिला आणि हे कुठल्या गॅरेजमध्ये करून घेतलं विचारलं. चिरंजीव म्हणाले, "आमच्या घरात." एवढंच बोलला, पण छाती फुगवून बोलला! मग माझ्याजवळ येऊन उभा राहिला, हात पुसत. म्हणाला, "हरलो बाबा. चालव." मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

नाकावर टिच्चून जिंकले आहे आज.

सोमवार, १६ सप्टेंबर

सकाळची फेरी. रात्री पाऊस झाला होता, आत टिपूस नाही. सूनबाई शेजारी, गाठोडी मागे. गेस्ट हाउसच्या मॅनेजरला हात धरून बाहेर आणलं आणि काच दाखवली. त्याला काय कळलं देव जाणे, पण वा वा म्हणाला. गॅरेजसमोरून जाताना हॉर्न वाजवला. काम नव्हतं. उगाच!

सूनबाई म्हणाली की लायसन्स तिच्याकडेही आहे, माहेरी काढलं होतं, हात मात्र बसलेला नाही. मी म्हटलं, माझ्या स्टिअरिंगला कुणी हात लावायचा नाही. ती हसली. मीही हसले. पण खरंच म्हटलं होतं.

मंगळवार, १७ सप्टेंबर

संध्याकाळी परतताना समोरून ट्रक आला. त्याचे दिवे तसेच — कापूस पिंजलेले. गाडी कडेला घेतली. काच आतून पुसली, उतरून बाहेरून पुसली. कोरडी ठणठणीत, बोटाचा ठसाही नाही. दिवे तसेच. सूनबाईला विचारलं, तुला काच धुरकट दिसतेय? ती काचेकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघत राहिली.

"नाही, आई. लख्ख आहे."

आजार म्हशीला — पुढचं लिहीत नाही.

किल्ली तिच्या हातात दिली. तिने गाडी दोनदा बंद पाडली, तिसऱ्यांदा अशी उचलली की मी बघत राहिले. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे. तीच नेणार.

इतकी वर्षं गाडी चालवली, पण ह्यांच्या जागेवर कधी बसले नव्हते. वाटेत पाऊस लागला, तो घर येईपर्यंत. पाय कोरडे राहिले.